जँगो शिकताय? इन्क्लूडमधली स्क्रिप्ट बेसपर्यंत जात नाही

जँगो म्हणजे पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क. त्याच्या टेम्प्लेटमधले एक्स्टेंड्स (बेस, म्हणजे सगळ्या पानांचा सामाईक सांगाडा, चाइल्ड टेम्प्लेटमध्ये घेणं) आणि ब्लॉक (त्या सांगाड्यातली बदलता येणारी जागा) तुम्हाला येतात असं धरून चालते. स्टाइलशीटचा ब्लॉक हेडमध्ये, स्क्रिप्टचा बॉडी संपण्याआधी. चाइल्ड टेम्प्लेटमध्ये तोच ब्लॉक लिहिला की बेसमधला मजकूर जातो. तो राखायचा तर आत ब्लॉक डॉट सुपर हवं. लोड स्टॅटिक (स्टाइलशीट, स्क्रिप्ट अशा फाइलींचा पत्ता देणारा टॅग वापरायची ओळ) प्रत्येक फाइलीत पुन्हा लिहावं लागतं.

खरी गोची पुढे आहे. समजा, तारीख निवडायचं कॅलेंडर वेगळ्या फाइलीत काढलं आणि पानात इन्क्लूड केलं. त्याची स्क्रिप्टही त्याच फाइलीत, स्क्रिप्टच्या ब्लॉकमध्ये ठेवली. वाटतं, ती आपोआप पानाच्या तळाशी जाईल. जात नाही! इन्क्लूड केलेली फाइल जँगो स्वतंत्रपणे रेंडर करतो आणि तयार एचटीएमएल त्या जागी ठेवतो. आतल्या ब्लॉकचा बेसमधल्या ब्लॉकशी संबंधच नसतो, नाव तंतोतंत सारखं असलं तरी. मग स्क्रिप्ट फॉर्मच्या मधोमध छापली जाते, जेक्वेरी (डॉलर हे नाव पुरवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) अजून खाली लोड व्हायची असते, आणि कन्सोलमध्ये ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’ची लाल ओळ येते. यात मी अक्षरशः रडकुंडीला आले होते, कारण जँगो स्वतः काहीच एरर देत नाही. त्यामुळे टेम्प्लेटकडे टक लावून बसू नका. ब्राउझरमध्ये व्ह्यू सोर्स उघडा आणि स्क्रिप्टचा टॅग जेक्वेरीच्या वर पडलाय का ते बघा.

‘सगळं बेसमध्ये टाकून दे’ असं सांगणारे सीनियर भेटतील. मुळीच ऐकू नका. मग साध्या लॉगिनच्या पानावरही कॅलेंडर आणि चार्टच्या फाइली लोड होत राहतात, आणि त्या काढायची हिंमत पुढे कोणी करत नाही.

घाबरू मात्र नका, सोय जँगोतच आहे. विजेटच्या (फॉर्ममधलं एक फील्ड दाखवणाऱ्या क्लासच्या) मीडिया क्लासमध्ये फाइलींची नावं द्या आणि पानाच्या स्क्रिप्ट ब्लॉकमध्ये फॉर्म डॉट मीडिया डॉट जेएस छापा. तेच विजेट फॉर्ममध्ये तीनदा असलं तरी फाइल एकदाच येते. स्टाइलशीटसाठी हेडच्या ब्लॉकमध्ये फॉर्म डॉट मीडिया डॉट सीएसएस. फॉर्मचा संबंध नसेल तर इन्क्लूडमध्ये फक्त एचटीएमएल ठेवा आणि स्क्रिप्ट त्या पानाच्या ब्लॉकमध्ये लिहा. असे तुकडे फारच झाले तर जँगो-सेकिझाई हे वेगळं पॅकेज बघा. ते इन्क्लूडमधूनही स्क्रिप्ट गोळा करतं.

स्क्रिप्टच्या टॅगला डीफर (पान पूर्ण वाचून झाल्यावरच चालव, ही ब्राउझरला सूचना) लावूनही बरंच सुटतं, पण ते फक्त एसआरसी दिलेल्या फाइलींना लागू होतं. टेम्प्लेटमध्येच लिहिलेली साधी स्क्रिप्ट कोणासाठी थांबत नाही, तेव्हा ती आधी वेगळ्या फाइलीत हलवा.