दोन डाइव्हच्या मधला तास कसा घालवावा

मुंबईच्या पाण्यात खाली गेल्यावर स्वतःचा हात दिसला तरी नशीब. त्यामुळे आमच्यासारखी माणसं पोहण्याच्या तलावात स्कुबा शिकतात आणि खऱ्या डाइव्हसाठी कोकण रेल्वे पकडून मालवण नाहीतर मुरुडेश्वर गाठतात. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या डाइव्हच्या मध्ये सहसा तासभर बोटीवर बसावं लागतं. खाली दाबाखाली श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा, म्हणून ही सक्ती. नेमका किती वेळ, ते मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर आणि इन्स्ट्रक्टर सांगतात. त्या तासात निम्मी बोट गोप्रोच्या पडद्यावर मघाचाच मासा पुन्हा बघत बसते. तो मासा दादरला घरी पोचल्यावरही तिथेच असणार आहे. आत्ता मान वर करा.

आधी अंग सांभाळा. वेटसूट कमरेपर्यंत उतरवून अंग कोरडं करा आणि वर विंडचीटर चढवा. भर उन्हातही ओल्या अंगाला वारा झोंबतो. पाणी प्या, केळं खा. मळमळत असेल तर आलेपाकाची वडी चघळा आणि क्षितिजाकडे बघा. थंडगार सोडा मात्र नको, बोट हलली की तो आल्या वाटेने परत येतो.

आता जागा. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसा, नाहीतर पाण्याच्या चकाकीत काहीच दिसत नाही. पोलराइज्ड गॉगल असेल तर उत्तम, पण त्याला दोरी बांधा. नजर एका बिंदूवर रोखू नका. क्षितिजाच्या खालचा पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश पुसत न्या. दुर्बीण न्यायचीच तर सातपटीची पुरे. त्याहून मोठी डुलत्या बोटीवर फक्त चक्कर आणते.

आणि सगळ्यात आधी पक्षी शोधा. मालवणला आमच्या बोटीचा तांडेल पाण्याकडे बघतच नाही, आभाळाकडे बघतो. "ताई, थंय बघा, पाखरां पडतत," असं म्हणून तो बोट दाखवतो. सुरय (टर्न) पक्षी एका जागी घिरट्या घालत असतील आणि एकामागून एक सूर मारत असतील, तर खाली बारीक माशांचा थवा वर आलेला असतो. बहुतेक वेळा त्याला खालून कुठल्यातरी मोठ्या शिकाऱ्याने हाकललेलं असतं. तिथे नजर ठेवली की डॉल्फिन दिसण्याची शक्यता वाढते.

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुधा कुबड असलेला डॉल्फिन. टीव्हीवरच्यासारखी उडी मारेल म्हणून कॅमेरा रोखून बसाल तर निराश व्हाल. तो चाकासारखा वळत वर येतो: आधी लांब चोच, मग कपाळ, मग पाठीवरचा राखाडी उंचवटा आणि त्यावर छोटासा पर, आणि सगळं पुन्हा खाली. श्वास सोडतानाचा 'फुस्स' आवाज इंजिन बंद असेल तरच ऐकू येतो. म्हणून बोटवाल्याला पाठलाग करायला सांगू नका, थांबायला सांगा. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे तो. शिवाय पाठलाग केला की तो बुडी मारून भलतीकडेच निघतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट उभी असेल आणि ओहोटी असेल, तर बघायला दुसरंच काही मिळतं. 1664 ते 1667 या काळात कुरटे बेटावर बांधलेली ही तटबंदी पर्यटक आतून फिरून बघतात. पाण्यातून बघताना ती खडकाच्या वळणाप्रमाणे कशी नागमोडी गेली आहे ते कळतं. उघड्या पडलेल्या खडकांवर पाटीच्या रंगाचा समुद्री बगळा शोधा. गळा पांढरा, पाय काळपट आणि पावलं पिवळी. अर्धे पंख उघडून तो दोन पावलं धावतो, थबकतो, एक पाऊल पाण्यात थरथरवतो. मासा बिचकला की संपला. मी या पक्ष्यापायी चहा थंड केलेला आहे.

ओहोटीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब मुंबईलाही लागू आहे, तेव्हा हाजी अलीच्या खडकांवर आधी सराव करा. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँचही चांगली शाळा आहे. सगळे कुरवांना (सीगल) चिप्स भिरकावत असतात, तेव्हा तुम्ही दुसऱ्या बाजूला जाऊन सुरय आणि कुरव वेगळे ओळखायला शिका. सुरय सडपातळ, शेपटी बहुधा दुभंगलेली, चोच खाली रोखून उडतो.

नेत्राणीला गोष्ट वेगळी. मुरुडेश्वरहून सुमारे 19 किलोमीटरवरचं हे बेट, त्यामुळे मधला तास बेटाच्या आडोशाला नांगर टाकूनच जातो. कड्यावरच्या उंच झाडांकडे बघा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड तिथे घरटं करतो. वरून सरळ उतरून तो पाय पुढे काढतो, पाणी जेमतेम फाटतं. पंजात लांबट काही लोंबताना दिसलं तर ती दोरी नव्हे, समुद्री साप असू शकतो. बेटावर रानटी झालेल्या बकऱ्याही आहेत; खडकावर चार पाय दिसले तर उन्हाचा भास समजू नका.

एक मोह मात्र टाळा. बोटीशेजारी कासव वर आलं की कुणीतरी स्नॉर्केल लावून उडी मारतं आणि त्याच्यामागे श्वास रोखून खाली जातं. स्कुबानंतर श्वास रोखून बुड्या मारू नयेत. विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब त्याने बिघडतो. पाण्यावर तरंगून बघा, तेवढं पुरतं.

हाच हिशेब परतीलाही लावा. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं असतं, म्हणजे रविवारी दुपारी पाण्यातून निघून रात्री गोव्यातल्या मोपा विमानतळाहून उड्डाण बसत नाही. दोन दिवसांच्या डाइव्हमधल्या संध्याकाळी आंबोलीला भजी खायला जाऊ, असंही कुणी सुचवतं. ती जागा सातशे मीटरच्या आसपास उंच आहे, विमानासारखाच तिथेही हवेचा दाब कमी, तेव्हा तेही नको. रेल्वेचं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, कोकणातून रविवार रात्रीची वेटिंग लिस्ट हलत नाही.