'टेन-फूट वॉल' की 'टेन-फीट वॉल'?

'पाच वर्षांची हमी' इंग्रजीत लिहायला घेतली की 'अ फाइव्ह इयर्स गॅरंटी' असे होऊन बसते. 'वर्षांची'मधला अनुस्वार अनेकवचन दाखवतो आणि तोच 'एस' होऊन इंग्रजीत घुसतो. नामाआधी विशेषण म्हणून आलेले मापाचे एकक इंग्रजीत एकवचनीच राहते, आकडा कितीही मोठा असो: 'अ फाइव्ह-इयर गॅरंटी', 'अ टेन-फूट वॉल'. 'दहा फुटी भिंत' म्हणताना मराठीही अनेकवचन दाखवत नाही. तोच साचा डोक्यात ठेवावा. मूळ नामाचे अनेकवचन मात्र सुटत नाही: 'टू टेन-लीटर कॅन्स'.

एकक क्रियापदानंतर गेले की अनेकवचन परत येते: 'द वॉल इज टेन फीट हाय', 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड'. पण 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', आणि इथे हायफन दोन. बोलताना 'ही इज सिक्स फूट टू' सर्रास चालते, ती चूक नव्हे.

हायफन शोभेचा नाही. 'ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे चार-चार तासांच्या वीस पाळ्या. 'ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे चोवीस तासांच्या पाळ्या. हायफन गाळला तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

खरा गोंधळ 'दोन आठवड्यांची सुट्टी' लिहिताना होतो, कारण 'अ टू-वीक हॉलिडे' आणि 'टू वीक्स हॉलिडे' दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्यात 'वीक्स' षष्ठीत आहे, म्हणून 'एस'नंतर अपॉस्ट्रॉफी (’ हे चिन्ह) हवी, हायफन नको आणि आधी 'अ'ही नको. एकच दिवस असेल तर अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी: 'अ डेज वर्क'; इथला 'अ' 'डे'चा, 'वर्क'चा नव्हे. 'नोटिस', 'लीव्ह', 'वर्क' अशा न मोजता येणाऱ्या नामांपुढे 'अ' लागत नाही, तिथे षष्ठीच घ्यावी: 'टू वीक्स नोटिस'. 'अ टू वीक्स हॉलिडे' ही दोन्हींची खिचडी, नेहमी दिसणारी चूक.

एककाचे चिन्ह वापरले तर 'एस' कधीच नाही, क्रियापदानंतरही नाही: ५ किमी, १० किग्रॅ. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत आकडा आणि चिन्ह यांच्यात मोकळी जागा सोडतात, विशेषण असले तरी हायफन देत नाहीत. म्हणून अंक आणि चिन्ह असताना '३५ मिमी फिल्म', पण एकक अक्षरी लिहिले तर '३५-मिलिमीटर फिल्म'.