फेलवर वादळात तंबू कसा टिकवावा

सह्याद्रीत आषाढातले ट्रेक केलेल्यांचा लेक डिस्ट्रिक्टमध्ये हमखास एक गैरसमज होतो: भिजायची सवय आहे, मग भीती कसली? आपल्याकडचा पाऊस कोमट. उत्तर इंग्लंडच्या या डोंगरांवर, म्हणजे फेलवर, ऑक्टोबरात हाडं गारठवणारा पाऊस आडवा येतो. स्कॅफेल पाइक हे इंग्लंडचं सर्वोच्च शिखर ९७८ मीटरचं, कळसूबाईच्या साठ टक्केही नाही. त्या आकड्यावर जाऊ नका.

अंदाज वाचताना आधी वारा पाहा, पाऊस नंतर. वेदरलाइन या लेक डिस्ट्रिक्टच्या हवामान सेवेवर किंवा मेट ऑफिसच्या डोंगरी अंदाजात माथ्यावरच्या झोतांचा वेग मिळतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर मुक्काम खाली, आडोशाला करावा. ६० असतील तर घरीच थांबावं. शीत आघाडी (मागून येणाऱ्या थंड हवेची कड) किती वाजता सरकणार तेही टिपून ठेवा. ती गेली की नैऋत्येचा वारा बहुधा वायव्येकडून येऊ लागतो, आणि संध्याकाळी वाऱ्याला पाठ करून लावलेला तंबू पहाटे कुशीवर मार खातो. रात्रीचा जोर ज्या दिशेने जास्त, तिकडे पाठ करून तंबू लावा.

जागा. सीथवेट या पायथ्याच्या वाडीहून स्टॉकली पुलावरून चढणारी वाट घ्या. साधारण ४४० मीटरवर स्टायहेड टार्न हे तळं लागतं, ६०० मीटरच्या आसपास स्प्रिंकलिंग टार्न. तळ्याकाठची सपाटी मोह घालते, पण स्टायहेड ही खिंड आहे आणि खिंडीत वारा नरसाळ्यातून यावा तसा घुसतो. छोट्या टेकाडामागे सरका. उभ्या कड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र नको, तिथे झोत गरगरत चहूबाजूंनी आपटतात. मग टाच जमिनीत रोवून उचला. खळग्यात पाणी झिरपलं तर पुढे चला; लव्हाळे दिसले तर टाच रोवायचीही गरज नाही. ओढ्यापासून दूर आणि उंचावर राहा. जवळच्या होनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ मध्ये २४ तासांत ३४१.४ मिमी पाऊस पडला होता. इथले ओढे बघता बघता चढतात.

उभारणी. तंबूची पिशवी आधी सॅकच्या पट्ट्याला अडकवा, रिकामी पिशवी सगळ्यात आधी उडते. कापड जमिनीवर दाबून धरा आणि वाऱ्याकडच्या टोकाला दोन खुंट्या ठोका. त्याआधी काठ्यांना हात लावू नका. काठ्या कापड आडवं असतानाच ओवायच्या. खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा. दलदलीच्या मातीत नेहमीच्या बारीक तारेच्या खुंट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. २० सेंटिमीटरच्या, वाय आकाराच्या न्या. सगळे तणावे बांधा, फक्त शोभेचे वाटतात तेसुद्धा. अर्ध्या तासाने पुन्हा ताणा, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं. खुंटीवर दगड ठेवायचा असेल तर सुटा घ्या (शेताच्या गडग्याचा, म्हणजे दगडी बांधाचा, नाही) आणि सकाळी जागच्या जागी ठेवा.

रात्र. झोपायचे कपडे जलरोधक पिशवीत, आणि ते घालून बाहेर पडायचं नाही. बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, शिवाय कापड पेटतं. अशा रात्री चपाती-चटणी शेगडीपेक्षा भरवशाची. उजेड असतानाच होकायंत्राने उतरण्याची दिशा घेऊन कागदावर लिहा. काठी मोडली तर दुरुस्तीची नळी त्यावर सरकवून चिकटपट्टी गुंडाळा. दुसरीही मोडली तर काठ्या काढून टाका, सगळे कपडे चढवा आणि लिहिलेल्या दिशेने निघा. दिसेनासं झालं असेल तर कापड अंगाभोवती ओढून उजाडेपर्यंत बसा.

कोणी जखमी झालं तर ९९९ किंवा ११२ वर आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

कायद्याने इथे जमीनमालकाची परवानगी लागते. प्रत्यक्षात शेवटच्या गडग्याच्या वर, एकाच रात्रीचा, उशिरा लावून लवकर काढलेला छोटा तंबू बहुधा चालवून घेतात. शेकोटी नाही; शौचाचा खड्डा १५ सेंटिमीटर खोल, पाण्यापासून निदान ३० मीटर लांब.