कितवी चक्कर?

बँकेत क्लार्क म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. मी विड्रॉलच्या नोटा मोजत होते आणि समोरचा गृहस्थ सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारत होता, "फुकटचा पगार खाता का तुम्ही?" मीही मान वर करून सणसणीत उत्तर दिलं. रांगेतले दोघेतिघे हसले, मला बरं वाटलं. संध्याकाळी कॅश जुळवायला बसले तर दीड हजार कमी. पाचशेच्या तीन नोटा कोणाच्या तरी हातात जास्त गेल्या होत्या आणि अर्थातच परत आल्या नाहीत. बँकेत ज्याच्या ड्रॉवरची कॅश कमी, त्याने खिशातून भरायची. मी भरली.

दुसऱ्या दिवशी आमच्या हेड कॅशियर काकांनी चहा पिता पिता एकच गोष्ट सांगितली. कोणी ओरडायला लागलं की आधी हातातल्या नोटा खाली ठेवायच्या. गड्डी अर्धी मोजली असेल तर अर्धीच ड्रॉवरमध्ये टाकायची, किल्ली फिरवायची आणि मग वर बघायचं. त्यात दहा सेकंद जातात. तेवढ्यात तोंडावर आलेलं उत्तर मागे जातं आणि समोरच्यालाही दिसतं की बाई काम थांबवून माझं ऐकतेय. काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी आजही आधी हेच सांगते. भांडताना नोटा मोजू नका. नोटा मोजताना तर अजिबात भांडू नका.

मी रत्नागिरीकडची. क्लार्कची भरती राज्यवार होते, त्यामुळे 2014 साली पहिली नेमणूक मिळाली ती थेट परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत. आता या पदाला कस्टमर सर्व्हिस असोसिएट असं भारदस्त नाव मिळालंय, पण खुर्ची तीच आणि काचही तीच. परीक्षेत रीझनिंग विचारतात, व्याजाची गणितं विचारतात, स्थानिक भाषेचीही चाचणी होते. माझी भाषा मराठीच, तेव्हा तो प्रश्न नव्हता. प्रश्न आवाजाचा निघाला. आमच्याकडे चिडलेला माणूस आवाज खाली आणतो आणि टोमणा मारतो. तिकडे माणूस खुशीतही खड्या आवाजातच बोलतो. पहिले दोन महिने मला वाटायचं की सगळा तालुका माझ्याशी भांडतोय. "ओ मॅडम, काय करायलात? द्या की लवकर!" यात भांडण मुळीच नव्हतं, ती नुसती विचारपूस होती. तुम्ही ज्या भागात जाल तिथला नेहमीचा आवाज आधी कानात बसू द्या. नाहीतर रागावलेला कोण आणि शेत ओलांडून बोलायची सवय असलेला कोण, हे कळणारच नाही.

खरा राग ओळखायला मला एक शब्द सापडला. चक्कर. आम्ही खेप म्हणतो, ते चक्कर म्हणतात. "तीन चकरा झाल्या माझ्या." हे वाक्य आलं की समजायचं, हा माणूस तुमच्यावर चिडलेला नाही. तो त्या आधीच्या दोन वेळांवर चिडलाय. पहिल्या वेळी कोणी सांगितलं आधारची झेरॉक्स आणा, दुसऱ्या वेळी सांगितलं पॅन पण लागतं, तिसऱ्या वेळी लिंक गेलेली. एकेका चकरेत एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून मी स्वतःच विचारायला लागले, "ही कितवी चक्कर?" तो सांगायला लागतो. सांगता सांगता आवाज अर्ध्यावर येतो, कारण एवढा वेळ हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. आणि आपल्यालाही कामाची गोष्ट कळते, म्हणजे गाडं कुठे अडलंय ते.

यातूनच मी चिठ्ठीची सवय लावून घेतली. वडील वारले, खातं बंद करायचंय, असा मुलगा आला की काय काय लागेल ते सगळं एकाच वेळी, मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं. खात्याला नॉमिनी लावलेला असेल तर यादी आखूड असते. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ज्याचं नाव लावलंय त्याची ओळखपत्रं. नसेल तर वारसांचे कागद लागतात आणि यादी लांबते. तेही पहिल्याच दिवशी सांगायचं, गोड बोलून लपवायचं नाही. त्या चिठ्ठीवर तारीख आणि माझी सही असते. पुढच्या वेळी खुर्चीवर दुसरं कोणी असलं तरी त्याला "हे कोणी सांगितलं?" असं म्हणता येत नाही.

नोटाबंदीत हीच गोष्ट मी मोठ्या मापावर पाहिली. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री घोषणा झाली, 9 तारखेला बँका बंद होत्या आणि 10 ला सकाळी शटर उघडलं तेव्हा रांग पोस्टाच्या पलीकडे गेलेली. जुन्या नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, 14 तारखेपासून साडेचार हजार, 18 पासून एकदम दोन हजार, आणि 24 नंतर बदलणंच बंद. काल शेजाऱ्याला साडेचार मिळाले आणि मला दोनच का, असं कोणी विचारलं तर ते अगदी रास्त होतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं, फक्त परिपत्रक होतं. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. मग आमच्या मॅनेजरांनी सकाळी स्वतः बाहेर जाऊन पायरीवर उभं राहायला सुरुवात केली. आज तिजोरीत एवढे पैसे आहेत, साधारण एवढ्या लोकांना पुरतील, त्यापुढच्यांनी उन्हात थांबू नका. मर्यादाही फळ्यावर खडूने लिहिली जायची, बदलली की पुसून पुन्हा. नाराज तर सगळेच होते, पण चौथ्या दिवसापासून काचेवर हात आपटणं थांबलं. दुपारी दोनला "कॅश संपली" हे ऐकणं आणि सकाळी दहालाच ते कळणं, यात मधले चार तास त्या माणसाचे वाचतात. चीड त्या चार तासांचीच असते.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्हीही करणार आहात.

आठवडी बाजाराचा दिवस होता. एका किराणा दुकानदाराने भरणा आणला, पावणेदोन लाखांच्या आसपास. मशीन एका पाचशेच्या नोटेवर अडलं. मी नोट उजेडात धरली, अंगठ्याने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "ही नोट खोटी आहे." साध्या आवाजात म्हणाले, पण मागे वीस माणसं उभी होती. त्या माणसाचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. त्याच गावात त्याचं दुकान, मागे उभी असलेली निम्मी माणसं त्याची गिऱ्हाईकं. तो भडकला. "म्हणजे मी चोर का? द्या ती नोट इकडे, ज्याची आहे त्याच्या तोंडावर मारतो." मी नियम सांगितला की नोट परत देता येत नाही. त्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नियम माझ्याच बाजूने होता. संशयित नोट तपासून बनावट ठरली की ती जप्त करायची, शिक्का मारायचा, तिचे पैसे खात्यात जमा करायचे नाहीत आणि ग्राहकाला पावती द्यायची. त्याने पावतीवर सही करायला नकार दिला तरी पावती द्यायचीच. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा निघाल्या तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवतात, पाच किंवा जास्त निघाल्या तर मात्र गुन्हा नोंदवावा लागतो. म्हणजे एका नोटेपायी त्याच्यावर काहीही येणार नव्हतं. पण हे मी त्याला सांगितलं कधी? भांडण होऊन गेल्यावर. आधी मी त्याला चारचौघांत खोट्या नोटेचा धनी केलं आणि मग नियम वाचून दाखवला.

आता मी म्हणते, "काका, एक नोट मशीन घेत नाहीये, जरा आत येता का?" नोट माझ्याच हातात ठेवते, ती परत काचेबाहेर जाऊ द्यायची नाही. आत मॅनेजरांच्या टेबलापाशी आधी हे सांगते की एका नोटेने तुमच्या नावावर गुन्हा लागत नाही, आणि मग सांगते की पाचशे रुपये मात्र गेले. पाचशे गेल्याचा राग येतोच आणि तो यायलाच हवा. पण पाचशे गेल्याचा राग आणि अब्रू गेल्याचा राग यांत फार फरक आहे. दुसरा आपण निर्माण करतो.

सहीचंही तसंच. "सही जुळत नाही" हे वाक्य म्हाताऱ्या माणसाला किती लागतं, ते म्हणून बघितल्याशिवाय कळत नाही. "माझी सही मलाच शिकवता?" हात थरथरायला लागलेला असतो आणि ते त्याला तुमच्याआधी माहीत असतं. "बाबा, ही नोंद फार जुनी झाली, नवीन सही घेऊ का?" काम तेच होतं.

ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून तीन हजार, खात्यांवर यायला लागले तेव्हा शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. यात ज्यांचं खरं नुकसान झालं त्या बायका अजिबात ओरडल्या नाहीत. पासबुक भरून घ्यायच्या, एंट्री दिसली नाही की पायरीवर जाऊन बसायच्या. बऱ्याच जणींचे पैसे आलेले होते, फक्त दुसऱ्या बँकेत. सरकारी अनुदान आधार क्रमांकावर जमा होतं आणि ते जातं त्या खात्यात, जे त्या आधारशी अनुदानासाठी शेवटचं जोडलेलं असतं. कोणी मध्येच बचत गटासाठी, कोणी झीरो बॅलन्सचं म्हणून आणखी एक खातं उघडलेलं, विसरूनही गेलेलं. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. आम्ही एक टेबल फक्त त्यालाच लावलं. "पैसे आले नाहीत" एवढं सांगून पुढचं टोकन बोलावणं सोपं होतं. "तुमचे पैसे अमुक बँकेत आहेत" हे सांगायला तीन मिनिटं लागायची. काही जणींच्या खात्यातून किमान शिल्लक नसल्याचा दंडही आलेल्या पैशांतून कापला गेला होता. त्यांना मी नियम ऐकवत बसले नाही. अर्ज लिहून घेतला आणि मॅनेजरांकडे नेला. कधीकधी समोरचा चिडतो कारण त्याचं बरोबर असतं, आणि तिथे नम्रतेचा काही उपयोग नसतो, अर्ज लागतो.

त्याच गर्दीत मोबाईलचा कॅमेरा सुरू करून एक तरुण कार्यकर्ता आत आला. "जनतेला उत्तर द्या!" नव्या मुलाने काचेमागून "शूटिंग बंद करा" म्हणून हात पुढे केला आणि व्हिडिओत नेमका तो हातच आला. कॅमेऱ्याशी बोलू नका. मागे पडद्यावर कोणाचं खातं उघडं असेल तर तेवढं झाका, ड्रॉवर लावा आणि "मॅनेजरसाहेब आत आहेत" एवढंच म्हणा. पुढारी, दारू पिऊन आलेला, आईबहिणीवर घसरणारा, ही क्लार्कची कामं नाहीत. शिवीला उत्तर द्यायचं नाही याचा अर्थ ती ऐकत बसायची असा होत नाही. मी उठून उभी राहते, काउंटर बंदची पाटी लावते आणि आत जाते. मागची रांगच मग त्या माणसाचा समाचार घेते. हे पुस्तकात बसणारं तंत्र नाही, पण कामाला येतं.

"रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करीन" या धमकीला नवीन मुलं उगाच घाबरतात. मी सरळ रस्ता सांगते. आधी शाखेत लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. 2021 पासून वेगवेगळ्या लोकपाल योजनांची एकच योजना झाली आहे, ऑनलाइन अर्ज करता येतो आणि पैसे लागत नाहीत. बहुतेक जण पोच घेतात आणि लोकपालांकडे जातच नाहीत. त्यांना आपलं म्हणणं कागदावर उतरलेलं हवं असतं. आणि गेलाच कोणी, तर तो त्याचा हक्क आहे. आपलं व्हाउचर चोख असलं म्हणजे झालं.

पुढे बदली होऊन मी आमच्या भागात परत आले. इथली शाखा शांत. कोणी ओरडत नाही, त्यामुळे पहिला महिना मला सुट्टीवर असल्यासारखं वाटलं. मग नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्यांच्या गर्दीत, एक निवृत्त मास्तर काचेसमोर येऊन उभे राहिले. सर्व्हर बंद होता, मी कप हातात घेतलेला. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "असू दे, असू दे, चहा होऊ दे तुमचा निवांत. आम्ही काय, रिकामटेकडेच. जिवंत आहोत एवढंच सांगायचं होतं."

मी कप खाली ठेवला.

"कितवी खेप, काका?"

"चौथी."