टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं की नाही? आधी या चुका टाळा

ऑफिसात आरोग्य तपासणीचा कॅम्प होता. दुपारचे चार वाजले होते, कँटीनची मिसळ अजून पोटात होती, आणि पॅकेजमध्ये ‘पुरुषांसाठी खास’ म्हणून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची तपासणी फुकट होती. दिलं रक्त. दोन दिवसांनी मोबाइलवर रिपोर्ट आला: २३८, शेजारी खाली तोंड केलेला लाल बाण. वय ४६. खरं सांगतो, वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. दुपारची पेंग, बायकोवर विनाकारण खेकसणं, सुटलेलं पोट, सगळ्याला एकच कारण सापडलं आणि त्यावर इंजेक्शनही मिळतं! जिमच्या ट्रेनरने तर रिपोर्ट न बघताच डोस सांगितला.

आमच्या फिजिशियन मॅडमनी रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “रक्त किती वाजता दिलंत?”

पंधरा दिवसांनी सकाळी पावणेआठला, उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. आकडा ३५२. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता, माझी वेळ चुकली होती.

चहा-नाश्ता करून, वाटेल तेव्हा रक्त देणं

हा हार्मोन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतो आणि दिवस चढेल तसा उतरतो. तरुणांमध्ये हा चढउतार मोठा, साठीनंतर कमी. त्यात खाण्याची भर: नुसतं ग्लुकोजचं पाणी प्यायलं तरी पुढचे दोनेक तास पातळी सुमारे पाव हिश्शाने खाली जाऊ शकते. म्हणून सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे तर दोन वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या तपासणीत कमी आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांचा आकडा दुसऱ्या वेळी ठीक येतो. एवढं एक कारण दुसऱ्या तपासणीचे पैसे खर्चायला पुरेसं आहे.

ताप, डेंग्यू, ऑपरेशन असं काही नुकतंच झालं असेल तर थांबा, आजारपणात पातळी पडतेच. रात्रपाळी करणाऱ्यांनी आपलं झोपेचं वेळापत्रक डॉक्टरांना आधी सांगावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसतं.

आणि एकक बघा. आपल्याकडच्या लॅबमध्ये कुठे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, कुठे प्रति मिलिलिटर. लंडनमधल्या मित्राने ‘माझं तर १२ आहे’ असं सांगितलं तेव्हा मी त्याच्यासाठी हळहळलो. त्याचा आकडा नॅनोमोलमध्ये होता. १२ म्हणजे माझ्या रिपोर्टमधल्या नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या हिशेबात जवळजवळ ३५०.

एकाच आकड्यावर विश्वास

‘टोटल’ टेस्टोस्टेरॉन म्हणजे रक्तातला सगळा साठा. त्यातला बराचसा एका वाहक प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो, शरीराच्या कामाला मोकळा भागच येतो. पोट सुटलं किंवा मधुमेह झाला की हे प्रथिन कमी होतं. मग टोटल कमी दिसतं, पण मोकळं पुरेसं असू शकतं. वय वाढतं तसं उलटं घडतं: प्रथिन वाढतं आणि टोटल बरं दिसत असताना मोकळं कमी असतं. त्या वाहक प्रथिनाची, म्हणजे एसएचबीजीची तपासणी करून मोकळ्या भागाचा हिशेब काढता येतो. लॅबमध्ये साध्या किटवर थेट मोजलेलं ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ मात्र फारसं भरवशाचं नसतं.

अमेरिकेतल्या युरोलॉजिस्टांची संस्था ३०० ही सीमा धरते. तिथल्याच एंडोक्रिनॉलॉजिस्टांच्या, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुणांसाठी २६४ ते ९१६ असा पट्टा दिला आहे. दोन मोठ्या संस्थांच्या रेषा वेगळ्या असतील तर २९० आला म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही.

‘वीकनेस’ एवढंच सांगणं

आपल्याकडे पुरुष डॉक्टरांपुढे बसतो आणि म्हणतो, “अशक्तपणा वाटतोय.” डॉक्टर बी-१२ चं इंजेक्शन देतात, पेशंट घरी. खरी तक्रार राहूनच जाते. थकवा हे टेस्टोस्टेरॉनचं ठळक लक्षण नाही. तो थायरॉइडचा असतो, कमी झोपेचा असतो, नैराश्याचा असतो, हप्त्यांचाही असतो. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांच्या मोठ्या पाहणीत (२०१०) तीन लक्षणांचा कमी टेस्टोस्टेरॉनशी घट्ट संबंध दिसला: इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं, आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि कमी पातळी, दोन्ही असलेले पुरुष किती? २.१ टक्के. जाहिराती बघितल्या तर चाळिशीतला प्रत्येक जण आजारी वाटतो.

तेव्हा हे तीन प्रश्न डॉक्टरांनी विचारले नाहीत तर आपणच सांगावं. लाज वाटते, मलाही वाटली. बायको सोबत होती, तिनेच सांगून टाकलं.

का कमी झालं, हे न विचारता औषध घेणं

विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण आधी काय बघतो? मोटार जळली की लाइट गेली? इथेही तेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स पाठवते, त्या हुकमावर वृषणं काम करतात. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच जास्त, म्हणजे वरून हुकूम सुटतोय पण मोटार जळली आहे: मोठेपणी झालेल्या गालगुंडांचा वृषणांवर परिणाम, क्लाइनफेल्टर सिंड्रोम (जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त असणं), केमोथेरपी. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी किंवा जेमतेम, म्हणजे गडबड वर आहे. मग पिट्युइटरीचंच प्रोलॅक्टिन हे आणखी एक हार्मोन बघावं लागतं, कधी पिट्युइटरीचा एमआरआय. तिथे छोटी गाठ असेल आणि तुम्ही वरून इंजेक्शन घेत बसलात, तर तक्रार झाकली जाईल आणि गाठ राहील. शिवाय इंजेक्शन सुरू झाल्यावर एलएच दबतं, मग कारण शोधणं अवघड होतं. या तपासण्या पहिल्या डोसच्या आधीच करायच्या.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र कारण इतकं नाट्यमय नसतं. पोट, मधुमेह, झोप, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, आणि जिममध्ये पूर्वी घेतलेले स्टिरॉइडचे ‘शॉट्स’. शिकागोत २०११ साली दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली. माझ्या घोरण्याची कीर्ती शेजारच्या फ्लॅटपर्यंत होती. झोपेची तपासणी केली, तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं, निघाला. त्यावर उपचार न करता टेस्टोस्टेरॉन घेतलं असतं तर तो बिघडण्याची शक्यता होती.

मूल हवं असताना सुरू करणं

सगळ्यात महाग चूक ही, आणि ती करणारे बहुतेक तरुण असतात. लग्नाला दोन वर्षं झाली, घरचे पेढ्यांची वाट बघतायत, ‘पुरुषी ताकद वाढवा’ म्हणून कोणीतरी टेस्टोस्टेरॉन सुचवतं. घडतं नेमकं उलटं. बाहेरून हार्मोन आला की पिट्युइटरी समजते, पुरेसं आहे, आणि हुकूम थांबवते. वृषणांच्या आत शुक्रजंतू तयार व्हायला जी तिथली स्थानिक पातळी लागते, ती कोसळते. शुक्रजंतूंची संख्या शून्यावर जाऊ शकते. हा परिणाम इतका पक्का आहे की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या. संख्या शून्यावर जाण्याचं प्रमाण आशियाई पुरुषांत तर आणखी जास्त दिसलं.

बंद केल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. ज्याची संख्या मुळातच कमी होती त्याला तर हा जुगार परवडणारा नाही. पुढे कधीही मूल हवं असेल तर पहिल्या भेटीतच तसं स्पष्ट सांगा. वृषणांना काम करायला लावणारी एचसीजी, क्लोमिफेन अशी वेगळी औषधं आहेत, कोणाला कोणतं ते एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट ठरवतील. आधी वीर्य गोठवून ठेवण्याचा पर्यायही विचारा.

‘बघू घेऊन, नाही जमलं तर सोडू’

सुरू करणं सोपं आहे. सोडल्यावर मात्र दबलेली पिट्युइटरी लगेच कामाला लागत नाही. काही आठवडे ते काही महिने तुम्ही मूळच्या पातळीच्याही खाली असता, मरगळ येते, आणि माणूस म्हणतो, “बघा, मला याची गरजच होती.” गरज औषधाने तयार केली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. चिठ्ठीशिवाय इंजेक्शन देणारा मेडिकलवाला तर नाहीच.

रक्त घट्ट होण्याकडे आणि प्रोस्टेटकडे दुर्लक्ष

टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात. ऑस्ट्रेलियात मधुमेहाचा धोका असलेल्या किंवा तो नव्याने झालेल्या हजारभर पुरुषांवर दोन वर्षं प्रयोग झाला (निष्कर्ष २०२१). औषध घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ५४ किंवा त्यावर गेलं, इतरांत १ टक्का. ५४ च्या वर गेलं की औषध थांबवावं लागतं. जिममधला उपाय म्हणजे ‘रक्तदान करून टाक’. तो उपचार नाही, डोस बघायला हवा.

सुरुवातीलाच हिमॅटोक्रिट, चाळिशीनंतर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी), लघवीच्या तक्रारी, हृदयाचा इतिहास हे सगळं तपासलं जातं. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कॅन्सर, गेल्या सहा महिन्यांतला हार्ट ॲटॅक किंवा पक्षाघात, आटोक्यात नसलेलं हार्ट फेल्युअर असेल तर सुरू करत नाहीत.

हृदयाबद्दल २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीचा दाखला सगळे देतात. पाच हजारांवर पुरुष, औषध घेणाऱ्यांत हार्ट ॲटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटना ७ टक्के, न घेणाऱ्यांत ७.३. म्हणजे दिलासा. पण त्यात हृदयाची अनियमित लय, फुप्फुसातल्या रक्ताच्या गाठी आणि किडनीला अचानक इजा या गोष्टी औषधाच्या गटात थोड्या जास्त होत्या, आणि नंतर हाडं मोडण्याचं प्रमाणही जास्त निघालं. मुख्य म्हणजे, त्या सगळ्यांना लक्षणं होती आणि दोनदा तपासून पातळी ३०० च्या खाली आली होती. ट्रेनरने सांगितलेल्या ‘सायकल’ला, म्हणजे जिममधल्या इंजेक्शनांच्या कोर्सला, हा दाखला लागू नाही.

दुसऱ्या टोकाची चूक

माझ्या मामेभावाची पिट्युइटरीची गाठ काढली. त्याचं शरीर टेस्टोस्टेरॉन जवळपास बनवतच नव्हतं. मामी म्हणाली, “हार्मोनची औषधं शरीर पोखरतात, नको.” तीन वर्षं गेली, आणि पोखरली गेली ती हाडं. पिट्युइटरीचं ऑपरेशन, क्लाइनफेल्टर, दोन्ही वृषणं गमावणं अशा वेळी हे औषध म्हणजे शरीरातली उणीव भरून काढणं आहे, मुलाबाळांचा विचार आधी करून. घाबरून टाळू नका.

घ्यायचंच ठरलं तर

जेल लावून लगेच लेकराला कडेवर घेऊ नका. ते त्वचेवरून मुलांना आणि बायकोला लागतं, मुलांमध्ये अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसली आहेत. हात धुवा, जागा कपड्याने झाका. टेस्टोस्टेरॉनच्याच अनडेकॅनोएट या प्रकाराच्या कॅप्सूल तुपातेलाच्या जेवणासोबतच घ्याव्या लागतात, उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी जवळपास वाया. त्याच औषधाचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन पहिल्यांदा सहा आठवड्यांनी आणि मग दहा ते चौदा आठवड्यांनी असतं, पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी तपासायची. मध्येच कधीतरी तपासून ‘भरपूर आहे’ म्हणणं म्हणजे पगाराच्या दिवशी बँक बॅलन्स बघणं.

आणि अपेक्षा लिहून ठेवा. ६५ वर्षांपुढच्या ७९० पुरुषांवरच्या अमेरिकी चाचण्यांत (२०१६) लैंगिक बाबतीत माफक सुधारणा झाली, उत्साहात म्हणावा तसा फरक पडला नाही. इच्छेतला फरक तीन ते सहा आठवड्यांत जाणवू लागतो, स्नायू-चरबीला महिने लागतात. सहा महिन्यांनी ठरवलेली तक्रार हललीच नसेल तर डॉक्टरांशी बोलून बंद करायचं, ही तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाकावी.

मी सुरू केलं नाही. रात्री स्लीप ॲप्नियाच्या यंत्राचा मास्क लावून झोपतो, वजन नऊ किलो उतरलं, मार्चमधल्या सकाळी आकडा ४१० आला. त्यातलं किती वजनाचं, किती झोपेचं, हे मॅडमनाही सांगता आलं नाही. पेंग गेली आहे. खेकसणं, बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, तसंच आहे.