अवकाशाचं चित्रपुस्तक घेताय? आधी चंद्राचं पान उघडा

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळती रेघ ओढत काहीतरी गेलं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीत, रॉकेटचं सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आमचं गाव तिथून फार लांब नाही. पुढचे आठ दिवस वाचनालयात पोट्ट्यांचा एकच प्रश्न होता, "मॅडम, ते वरून खाली काऊन पडलं?" कपाटात अवकाशावरची चार पुस्तकं होती. चारहींत रॉकेट फक्त वर जात होतं.

तेव्हापासून पुस्तक घेण्याआधी मी मुलांचे प्रश्न वहीत टिपून ठेवते. तुम्हीही चार दिवस तेवढं करा. तीन-चार वर्षांच्या पोराला "चांदोबा आपल्यासंगं काऊन चालते?" एवढंच हवं असतं. त्याला पानावर एकच मोठं चित्र, दोन ओळी आणि जाड पुठ्ठ्याची पानं पुरतात. सहा-सात वर्षांचं मूल मात्र "कसं?" विचारायला लागतं.

मग दुकानात उभ्या उभ्या चंद्राचं पान उघडा. कोरीच्या पोटात, म्हणजे दोन टोकांच्या मधल्या काळ्या भागात, चांदणी काढलेली असेल तर चित्रकाराने आकाश पाहिलेलं नाही. तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं लिहिलं असेल, तर ते पुस्तक सरळ परत ठेवा. सावली पडते ती ग्रहणात. कला दिसतात त्या चंद्राची उजळलेली बाजू आपल्याला कमी-जास्त दिसते म्हणून.

आपल्याकडची आणखी एक खूण. परदेशी चित्रांवरून बेतलेल्या पुस्तकांत संध्याकाळची कोर बहुतेक उभी असते. विदर्भात फाल्गुन-चैत्रातली बीजेची कोर होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते, टोकं वर. तसंच ध्रुवाचं. तिकडच्या चित्रांत तो डोक्यावर असतो, आपल्याकडे उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम वीस-एकवीस अंशांवर. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तिथेच. पुस्तक यात चुकलं म्हणून टाकून देऊ नका, पण चूक आपल्याला ठाऊक असू द्या. पोट्टे अंगणात जाऊन पडताळतात आणि मग आपलीच परीक्षा घेतात.

सूर्यमालेचं चित्र मात्र कुठल्याच पुस्तकात खरं नसतं. ते कागदावर मावणारच नाही. चांगलं पुस्तक निदान तसं कबूल करतं. करत नसेल तर घरी तुरीचा दाणा घ्या. ही पृथ्वी. शेजारी मोहरीचा दाणा ठेवा, तो चंद्र, पण एक वीतभर लांब. मग सूर्य होतो मोठ्या परातीएवढा, आणि ती परात ठेवावी लागते सत्तर-पंचाहत्तर मीटरवर. आमच्या शाळेच्या पटांगणात ती मावली नाही. एक पोरगी परात डोक्यावर घेऊन रस्त्यापलीकडच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली.

पुस्तक किती जुनं आहे ते कळायला छपाईचं साल बघा, पण मजकूरही बोलतो. प्लूटो नववा ग्रह म्हटला असेल तर माहिती २००६ च्या आधीची. चंद्रयान-३ चंद्रावर उतरल्याचा उल्लेख नसेल तर २३ ऑगस्ट २०२३ च्या आधीची. अवकाशात गेलेले भारतीय म्हणून राकेश शर्मांवरच थांबत असेल, तर २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊन आले हे त्यात आलेलं नाही. शनीच्या उपग्रहांचा आकडा तर धरूच नका. २०२५ मध्ये एकदम १२८ वाढून तो २७४ झाला. स्वस्तात मिळालं तर जुनं पुस्तकही मी घेते आणि मुलांकडूनच पेन्सिलीने दुरुस्त करून घेते. त्यांना मास्तर व्हायला भारी आवडतं.

आता भाषा, आणि इथे मी स्वतः फसले आहे. शहरातल्या एका दुकानातून गुळगुळीत कागदाचं महागडं पुस्तक आणलं होतं. आत वाक्य होतं, "खगोलीय पिंडांचे परिभ्रमण अविरत सुरू असते." अंगणवाडीत ते वाचताना माझीच जीभ अडखळली. म्हणून दोन पानं दुकानातच मोठ्याने वाचा. दुकानदार बघेल, बघू द्या. 'गुरुत्वाकर्षण' सारखा शब्द असायला हरकत नाही, पोरं तो चवीने म्हणतात. आजूबाजूची वाक्यं बोलल्यासारखी हवीत.

तालुक्याच्या दुकानात बहुतेक गाइडं आणि अंकलिप्याच मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं परवडणारी असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता आणि उतरवून घेता येतात. रेंज असेल तेव्हा उतरवून ठेवा. छापील पुस्तकाची शिवण मात्र बघून घ्या, नुसत्या डिंकाने चिकटवलेलं पुस्तक आमच्याकडे दोन महिने टिकत नाही.

गोष्टींना घाबरू नका. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांची म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर, हे पुस्तकात नसेल तर तुम्ही सांगा. गोष्ट कुठे संपली आणि माहिती कुठे सुरू झाली, एवढं मुलाला कळलं पाहिजे.

शेवटचं काम पुस्तक घरी आल्यावरचं. वीज गेली की ते घेऊन बाहेर या. पौषात खळ्यावर बसून आम्ही मृगाचं पान उघडलं होतं. पुस्तकात मधल्या तीन ताऱ्यांना शिकाऱ्याचा पट्टा म्हटलं होतं. शेजारी शेकत बसलेले आजोबा वाकून बघत म्हणाले, "बाप्पा, हे तर तिफण होय." एका पोट्ट्याने तिथल्या तिथे पेन्सिलीने पट्ट्याखाली पेरायच्या तिफणीचे फण काढले. ते पान आता सगळ्यांत मळलेलं आहे.