सशांच्या कृत्रिम रेतनाची तयारी, नागपूरचं ऊन लक्षात घेऊन

मृगाचा पाऊस पडला, शेडमधला उकाडा गेला, नर पुन्हा तरतरीत दिसू लागले की आपल्याकडे लगेच रेतनाची तारीख ठरते. इथेच घाई होते. नराच्या अंगात शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला जवळपास दोन महिने लागतात, म्हणजे जुलैत हाती येणारं वीर्य नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांच्या, काहिलीत घडलेलं असतं. तापमान 30 अंशांवर टिकून राहिलं की वीर्याची प्रत घसरते, आणि मे महिन्यात आपला पारा 45 ला टेकतो. म्हणून सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. शेड गार झाल्याची तारीख लिहा आणि तिथून दोन महिने मोजा. पुढच्या उन्हाळ्यासाठी कूलरची पहिली हवा नरांच्या पिंजऱ्यांना मिळेल अशी मांडणी आताच करा. पाऊस लागला की मात्र कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा ठेवा, दमट हवेत कूलरने काहीच साधत नाही.

नर पाच महिन्यांच्या पुढचा, धडधाकट, पायाला जखम नसलेला हवा. बराच काळ रिकामा बसलेला असेल तर ठरलेल्या दिवसाआधी एक-दोनदा वीर्य काढून टाकून द्या, ते जुनं साठलेलं असतं. एरवी आठवड्यातून दोन दिवस पुरे.

काचेच्या नळ्या आदल्या रात्रीच उकळून पूर्ण कोरड्या करा. साबणाचा अंश किंवा पाण्याचा एक थेंबही शुक्राणूंना मारतो. कृत्रिम योनीत, म्हणजे वीर्य गोळा करायच्या उपकरणात, साधारण 50 अंशांचं पाणी भरा, आतली बाजू 40 ते 42 अंशांवर यायला हवी. हे हाताने ठरवू नका, थर्मामीटर लावा.

वीर्य अर्ध्या मिलीच्या आसपास येतं. नळी उजेडात धरा: दुधासारखं पांढरं असेल तर ठीक, पिवळट झाक म्हणजे लघवी मिसळली, ते सरळ फेका. वर जेलीचा गोळा असेल तर चिमट्याने लगेच उचला. मग 37 अंशांवर कोमट केलेल्या काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निदान सत्तर टक्के शुक्राणू सरळ पुढे पळताना दिसले पाहिजेत. जागच्या जागी गरगरणारे पळणाऱ्यांत मोजू नका. शेपट्या वळलेल्या दिसल्या तर नराला दोष देण्याआधी काच थंड होती का, नळी ओली होती का, ते तपासा.

पातळ करण्याचं द्रावण वीर्याइतकंच कोमट हवं. उरलेल्या मात्रा 15 ते 18 अंशांवर ठेवून 24 तासांत वापरा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका.

योनी लालसर आणि फुगीर असलेल्या माद्याच निवडा, फिकट दिसणाऱ्या थांबू द्या. सशाच्या मादीत बीज समागमानंतरच सुटतं, साधारण 10 ते 12 तासांनी. इथे समागम नाही, म्हणून रेतनाच्या वेळी बीज सोडायला लावणाऱ्या जीएनआरएच संप्रेरकाचं इंजेक्शन लागतंच. ते आणि त्याची मात्रा पशुवैद्यकांकडूनच घ्या. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल. प्रत्येक मादीला नवी नळी, त्यात पातळ केलेलं वीर्य अर्धा मिली.

वहीत मादीसमोर नराचा क्रमांक लिहा. 12 ते 14 दिवसांनी गर्भ राहिला का ते पोट चाचपून बघा, 28 व्या दिवशी पिल्लांसाठी पेटी ठेवा. एकाच नराच्या माद्या सारख्या रिकाम्या राहत असतील तर त्याचं वीर्य पुन्हा तपासेपर्यंत त्याला बाजूला ठेवा.